ग्रीन कार्डच्या मुलाखतीची वाट पाहताना: तीन रांगा आणि एक ‘पेंडिंग’

अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्डासाठी अर्ज केलेल्या माणसाला ‘कुठवर आले?’ असे विचारले की उत्तर बहुधा एका शब्दात येते: ‘पेंडिंग’. उत्तर खोटे नसते, पण त्यातून कळत काहीच नाही, कारण या एका शब्दामागे तीन वेगवेगळ्या रांगा आहेत. पहिली व्हिसा क्रमांकाची, म्हणजे वर्षाच्या ठरावीक ग्रीन कार्डांतली एक जागा मिळण्याची, दुसरी फाइल तपासली जाण्याची आणि तिसरी स्थानिक कार्यालयात मुलाखतीची तारीख मिळण्याची. तिन्हींचा वेग वेगळा, अडण्याची कारणे वेगळी आणि करता येण्याजोगे उपायही वेगळे. आपण कोणत्या रांगेत उभे आहोत हे ठाऊक नसले की माणूस भलत्याच खिडकीवर चौकशी करत राहतो, आणि या काळात जे खरोखर करायला हवे होते ते राहून जाते. म्हणून मुलाखतीत काय विचारतात हे सांगण्याआधी, तिथपर्यंत पोहोचायला वेळ कशाने लागतो ते पाहू.

या प्रक्रियेला ‘अ‍ॅडजस्टमेंट ऑफ स्टेटस’ म्हणतात. बोलताना मात्र सगळे तिला अर्जाच्या क्रमांकाने, ‘फोर एटी-फाइव्ह’ म्हणूनच ओळखतात. १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टच्या २४५ व्या कलमाने ही सोय केली. जो रीतसर तपासणी होऊन अमेरिकेत आला आहे, ज्याच्यासाठी नोकरी देणाऱ्या कंपनीने किंवा जवळच्या नातेवाइकाने मूळ याचिका केलेली आहे आणि ज्याच्यासाठी व्हिसा क्रमांक उपलब्ध आहे, त्याला मायदेशी परतून मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात इमिग्रंट व्हिसा घेण्याची गरज उरत नाही. तो इथेच आपला दर्जा बदलून घेऊ शकतो. त्यासाठी यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन आणि नागरिकत्वाचे अर्ज हाताळणाऱ्या खात्याकडे आय-४८५ हा अर्ज करावा लागतो, आणि १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ अर्जदाराला त्याचे शुल्क १,४४० डॉलर पडते. वरच्या तीन अटींपैकी पहिल्या दोन बहुतेकांना जमून जातात. भारतीयांना वर्षानुवर्षे ताटकळत ठेवते ती तिसरी.

तारखेची रांग

नोकरीच्या आधारावर साऱ्या जगाला मिळून वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे मिळतात, आणि या आकड्यात नोकरी करणाऱ्याचा जोडीदार आणि मुलेही मोजली जातात. त्यावर आणखी एक बंधन असे की कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे एकूण संख्येच्या ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे ईबी-२ या ज्या वर्गात आपले असंख्य अभियंते आणि संगणकतज्ज्ञ आहेत, तिथे भारताच्या वाट्याला साध्या वर्षी जेमतेम २,८०० क्रमांक येतात. इतर देशांकडून काही उरले तर वर थोडे मिळतात. भारताची लोकसंख्या आणि आइसलंडची लोकसंख्या या नियमाला सारखीच दिसते. त्यातला न्याय-अन्याय हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण आपली फाइल का हलत नाही याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, अधिकाऱ्याचा आळस नव्हे.

रांगेतली आपली जागा ‘प्रायॉरिटी डेट’ ठरवते. कंपनीने ज्या दिवशी श्रम खात्याकडे पर्मचा, म्हणजे परदेशी माणसाला त्या जागी घेण्याच्या मंजुरीचा, अर्ज केला, किंवा पर्म लागत नसेल तर ज्या दिवशी आय-१४० ही नोकरीच्या आधारावरची मूळ याचिका दाखल केली, ती ही तारीख. परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढते आणि लोक ते पंचांगासारखे वाचतात. त्यात दोन तक्ते असतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. एका तक्त्यातली तारीख आपल्या तारखेच्या पुढे गेली की ग्रीन कार्ड प्रत्यक्ष हातात देता येते. दुसऱ्या तक्त्यातली तारीख पुढे गेली की केवळ अर्ज भरता येतो, तोही त्या महिन्यात यूएससीआयएसने तो तक्ता वापरण्यास मुभा दिली असेल तरच. दुसऱ्या तक्त्यावर अर्ज भरून पहिल्या तक्त्याची वाट पाहणारे हजारो लोक आहेत. त्यांची बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी, सारे झालेले असते, फाइल पूर्ण असते, कधी मुलाखतही झालेली असते, आणि तरीही ‘पेंडिंग’ जात नाही. अशा माणसाने हेल्पलाइनवर कितीही फोन केले तरी उपयोग नसतो, कारण अडकलेला क्रमांक त्या खात्याच्या हातात नसतोच.

ही रांग पासपोर्टवरून ठरत नाही, जन्माच्या देशावरून ठरते, ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते. गोव्यात जन्मलेल्या आणि पुढे पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या माणसाच्या खिशात युरोपचा पासपोर्ट असला तरी ग्रीन कार्डाच्या हिशोबात तो भारताच्याच रांगेत उभा राहतो. उलट वडील मस्कतला किंवा कुवेतला नोकरीला असताना तिथे जन्मलेली मराठी मुलगी ओमानच्या किंवा कुवेतच्या खात्यात मोजली जाते, आणि कायद्याने नवरा-बायकोला एकमेकांच्या जन्मदेशाचा आधार घेता येत असल्यामुळे तिच्या साताऱ्यात जन्मलेल्या नवऱ्याची दहा-पंधरा वर्षे वाचू शकतात. लग्न जुळवताना पत्रिकेत जन्मस्थळ पाहिले जाते, ते असे उपयोगी पडेल असे कोणा भटजीला वाटले नसेल.

तारीख पुढे जाते तशी मागेही येते, आणि त्याला रेट्रोग्रेशन म्हणतात. याचा मोठा धडा २००७ च्या जुलैमध्ये मिळाला. त्या महिन्याच्या बुलेटिनने नोकरीच्या जवळजवळ सर्व वर्गांच्या तारखा खुल्या केल्या. लोकांनी धावतपळत वैद्यकीय तपासण्या उरकल्या, सुट्टीवर गेलेले परतले, आणि २ जुलैला जाहीर झाले की क्रमांक संपले, अर्ज घेतले जाणार नाहीत. तेव्हा भारतीय अर्जदारांनी गांधीगिरीचा मार्ग धरला आणि यूएससीआयएसचे तत्कालीन संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. ती फुले पुढे वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील जखमी सैनिकांकडे पोहोचवण्यात आली. १७ जुलैला निर्णय फिरवला गेला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले गेले. पण अर्ज आत गेले म्हणून क्रमांक वाढले नाहीत, आणि त्या उन्हाळ्यात अर्ज केलेल्यांपैकी कित्येकांनी ग्रीन कार्ड पाहिले ते अनेक वर्षांनी. ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा तसेच काहीसे घडले. महासाथीत दूतावास बंद राहिल्याने कुटुंबाच्या वर्गातले न वापरलेले क्रमांक नोकरीच्या वर्गाला मिळाले, त्या वर्षीचा आकडा सुमारे २,६२,००० वर गेला, असंख्य भारतीयांनी अर्ज भरले. काहींना कार्ड मिळाले, काहींची तारीख मागे सरकली आणि त्यांच्या फाइली कपाटात राहिल्या.

अमेरिकन नागरिकाचा जोडीदार, २१ वर्षांखालील अविवाहित मूल आणि २१ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाचे आईवडील यांना मात्र ही रांगच नाही. त्यांच्यासाठी क्रमांक नेहमी उपलब्ध असतो. त्यांची वाट सुरू होते ती थेट पुढच्या रांगेपासून.

फाइलची रांग

अर्ज पोहोचला की पावती येते, मग ठसे आणि फोटो देण्यासाठी बोलावणे येते, आणि त्यानंतर सुरक्षा तपासण्या सुरू होतात, ज्यांच्याबद्दल अर्जदाराला कोणी काही सांगत नाही. या टप्प्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पत्ता बरोबर ठेवावा आणि टपाल रोज पाहावे. वैद्यकीय तपासणीबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण २ डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ हा तिचा अहवाल ज्यांना लागतो त्यांना तो आय-४८५ सोबतच जोडावा लागतो, नाहीतर अर्ज परत येऊ शकतो. पूर्वी लोक तो मुलाखतीला नेत असत. तो जुना सल्ला आजही तोंडी फिरत असतो.

ही तपासणी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे चालत नाही, ‘सिव्हिल सर्जन’ म्हणून नेमलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते, आणि अहवाल बंद पाकिटात मिळतो. ते पाकीट आपण उघडायचे नसते, उत्सुकता कितीही असो. आपली प्रत वेगळी मागून घ्यावी. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर लहानपणच्या बीसीजी लशीचा गोल व्रण असतो. त्या लशीमुळे क्षयाची जुनी त्वचाचाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येत असे; आता प्रौढांची आणि दोन वर्षांवरील मुलांची रक्तचाचणी करतात, जी बीसीजीने फसत नाही. तरीही ती पॉझिटिव्ह आली तर घाबरण्याचे कारण नाही. छातीचा एक्स-रे काढतात, आणि तो स्वच्छ असला तर शरीरात सुप्त जंतू असणे एवढ्यावरून अर्ज अडत नाही. भारतात वाढलेल्या माणसांत हे इतके सर्रास आढळते की अनुभवी डॉक्टर भुवईसुद्धा उंचावत नाहीत.

मुलाखतीची रांग

नियम असा आहे की आय-४८५ भरणाऱ्या प्रत्येकाची मुलाखत व्हावी, पण अधिकाऱ्याला ती माफ करता येते. नोकरीच्या अर्जांत ती वर्षानुवर्षे माफच होत असे. २८ ऑगस्ट २०१७ रोजी यूएससीआयएसने जाहीर केले की २ ऑक्टोबर २०१७ पासून नोकरीच्या अर्जदारांनाही समोर बोलावले जाईल, आणि स्थानिक कार्यालयांवरचा भार एकदम वाढला. पुढे १८ मार्च ते ४ जून २०२० या काळात महासाथीमुळे कार्यालये लोकांसाठी बंदच राहिली. साचलेल्या कामाचा निपटारा करताना नोकरीच्या अनेक फाइलींत मुलाखत पुन्हा माफ होऊ लागली. म्हणजे ‘मला का बोलावले, शेजाऱ्याला का नाही’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या गुणदोषांत असेलच असे नाही. ते त्या वेळच्या धोरणात किंवा फाइलमधल्या एखाद्या कागदात असू शकते. लग्नाच्या आधारावरच्या अर्जात मात्र मुलाखत जवळजवळ नेहमीच होते आणि तिथे ती होणार हे धरूनच चालावे.

मुलाखत आपल्या घराच्या पत्त्याप्रमाणे जे कार्यालय येते तिथे होते, आणि एका कार्यालयाचा वेग दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणून न्यू जर्सीतल्या मित्राने टेक्सासमधल्या मित्राशी महिने ताडून पाहणे हा मनस्तापाचा सोपा मार्ग आहे. तुलना करायचीच तर यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर आपल्या प्रकारच्या अर्जासाठी दिलेल्या कालावधीशी करावी. तो उलटून गेला की ऑनलाइन चौकशी नोंदवता येते, आणि आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाकडूनही विचारणा करवून घेता येते, ज्याला मतदार असण्याची अट नाही. इमिग्रेशनचा अर्ज १८० दिवसांत निकाली निघावा अशी काँग्रेसची भावना कायद्यात लिहिलेली आहे, पण ती भावनाच आहे, बंधन नव्हे. फारच विलंब झाला तर काही जण फेडरल न्यायालयात मँडेमसचा दावा लावतात. त्यातून न्यायालय ‘निर्णय घ्या’ असे सांगू शकते, ‘मंजूर करा’ असे नाही. आणि अडचण तारखेच्या रांगेत असेल तर या दाव्याचाही उपयोग होत नाही.

दरम्यानचे आयुष्य

या काळात घरून येणारा प्रश्न ठरलेला असतो. ‘मावसभावाचे लग्न डिसेंबरात धरलेय, तू येशील ना रे?’ आई विचारते, आणि तिला ‘आई, माझी एपी अजून आली नाही गं’ हे समजावून सांगताना निम्मा रविवार जातो. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स परोल, परत येण्याची आगाऊ परवानगी. ती हातात नसताना देशाबाहेर पाऊल टाकले तर आय-४८५ सोडून दिला असे धरले जाते. अर्ज केला आहे, मंजुरी येईलच, एवढ्यावर विमानात बसणे ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत महाग चूक ठरते. एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसांवर असलेल्यांना आणि एच-४, एल-२ वरच्या त्यांच्या कुटुंबीयांना यातून सूट आहे. त्यांचा तो दर्जा आणि पासपोर्टवरचा व्हिसा वैध असेल तर ते एपीविना जाऊन येऊ शकतात. पण व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर मुंबईत नवा शिक्का मिळेपर्यंत अडकण्याची तयारी हवी.

नोकरीचा परवाना, म्हणजे ईएडी, याच अर्जाच्या आधारे मिळतो. त्याचे नियम अलीकडे दोनदा उलटसुलट झाले आहेत, म्हणून जुनी माहिती धोक्याची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये या कार्डाची मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवली होती. डिसेंबर २०२५ मध्ये ती पुन्हा १८ महिन्यांवर आणली गेली. आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, म्हणजे जुने कार्ड संपले आणि नवे आले नाही तर त्या दिवशी काम थांबवावे लागते. नूतनीकरण १८० दिवस आधी करता येते. तो १८० वा दिवस कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावा.

ईएडी मिळाली म्हणून एच-१बी सोडावी का, हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे: टिकवता येत असेल तर टिकवावी. ईएडीवर नोकरी धरली की माणूस केवळ प्रलंबित अर्जाच्या आधारावर इथे उरतो. उद्या अर्ज नामंजूर झाला तर पायाखाली दुसरी फळी नसते, आणि फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार अशा माणसाला इमिग्रेशन न्यायालयाची नोटीस दिली जाऊ शकते. ज्यांना कंपनी सोडायची आहे त्यांच्यासाठी २००० सालच्या एसी-२१ कायद्याने वाट ठेवली आहे. आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाले आणि आय-१४० मंजूर असली, तर त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामावर दुसरीकडे जाता येते. नव्या मालकाकडून ‘सप्लिमेंट जे’ हा फॉर्म भरून घ्यावा लागतो. ‘तशाच प्रकारचे’ म्हणजे काय यावर वाद होऊ शकतो, म्हणून राजीनामा देण्याआधी नव्या कामाचे वर्णन वकिलाला दाखवावे, नंतर नव्हे.

घर बदलले तर दहा दिवसांत नवा पत्ता कळवावा लागतो. मुलांच्या बाबतीत २१ वर्षांचे वय ही टांगती तलवार असते. २००२ च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्टने मूळ याचिका जितके दिवस प्रलंबित होती तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करण्याची सोय केली, पण वय कोणत्या दिवशी मोजायचे हे बुलेटिनवर ठरते, आणि १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांसाठी यूएससीआयएस पुन्हा पहिल्या, म्हणजे उशिराच्या तक्त्याने ते मोजते. सोळा-सतरा वर्षांचे मूल असलेल्या आईवडिलांनी हा हिशोब आजच कागदावर मांडावा.

आपली नावे आणि त्यांचे कागद

मराठी घरातल्या फाइलमध्ये सर्वांत जास्त वेळ कशावर जात असेल तर तो नावांवर. आपल्याकडे रुग्णालय किंवा घरचे लोक जन्माची नोंद लगेच करतात, बारसे मात्र बाराव्या दिवशी किंवा त्याहून उशिरा होते. परिणाम असा की कित्येकांच्या जन्मदाखल्यात आईवडिलांची नावे असतात, तारीख असते, आणि मुलाच्या नावाचा रकाना कोरा असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सारे निभावून गेल्यामुळे चाळीस वर्षे तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. असा दाखला असेल तर ज्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद आहे तिथूनच नाव घालून नवा दाखला घ्यावा. नोंदच नसेल, आणि जुन्या पिढीत, विशेषतः जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा येण्यापूर्वी खेड्यात जन्मलेल्या आईवडिलांच्या बाबतीत हे हमखास घडते, तर ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला मिळवावा आणि त्या जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. मामा-काका हयात आहेत तोवर ही प्रतिज्ञापत्रे करून ठेवणे शहाणपणाचे.

बायकांच्या कागदांत तर एकाच व्यक्तीची तीन नावे निघतात. जन्मदाखल्यावर आणि पदवीवर माहेरचे नाव, मधे वडिलांचे. पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि मधे नवऱ्याचे. आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले असेल तर पहिले नावही बदललेले. अमेरिकन अधिकाऱ्याच्या पद्धतीत मधले नाव जन्मभर तेच राहते. लग्नानंतर ते बदलते हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून अर्जात ‘याआधी वापरलेली नावे’ या जागी सगळी नावे लिहावीत, एकही गाळू नये, आणि त्यांना जोडणारा कागद, म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा पहिले नाव बदलले असल्यास राजपत्रातली नोंद, सोबत ठेवावा. मंगल कार्यालयाची पावती आणि अक्षता पडतानाचा फोटो यांना पुराव्याची किंमत आहे, पण त्यांनी प्रमाणपत्राची जागा भरून निघत नाही.

केवळ मराठीत असलेल्या दाखल्याचे इंग्रजी भाषांतर लागते. ते नोटरीकडून करून घेण्याची गरज नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या कोणीही ते करावे आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात असे लिहून सही करावी. स्वतः अर्जदाराने ते करू नये, एवढे पथ्य पाळावे.

प्रत्यक्ष खोलीत

नोटीस आली की तिच्यावरची तारीख, वेळ आणि पत्ता सर्वप्रथम पाहावा. जाणे खरेच अशक्य असेल तर आधी कळवून दुसरी तारीख मागता येते. न कळवता गैरहजर राहिल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानून नामंजूर होऊ शकतो. सोबत मूळ पासपोर्ट, जुने पासपोर्टही, जन्म आणि विवाहाचे मूळ दाखले, अलीकडच्या पगारपावत्या, कराची कागदपत्रे आणि कंपनीचे पत्र न्यावे. वकील सोबत असू शकतो. दुभाषाही चालतो, आईवडिलांसोबत जाताना ही सोय विसरू नये, कारण ‘इंग्रजी समजते रे मला’ म्हणणारे बाबा दडपणाखाली भलत्याच प्रश्नाला होकार देऊन बसतात.

आत गेल्यावर बसण्याआधीच उजवा हात वर करून खरे बोलण्याची शपथ घ्यावी लागते. मग अधिकारी अर्जातलेच प्रश्न एकेक करून विचारतो: नाव, पत्ता, शेवटचा प्रवेश केव्हा आणि कोणत्या व्हिसावर, सध्या काय काम करता. नोकरीच्या फाइलमध्ये त्याला मुख्यतः पाहायचे असते की याचिकेतले काम आणि तुम्ही तोंडाने सांगता ते काम जुळते का, आणि मधल्या वर्षांत दर्जा सांभाळला होता का. नोकरीच्या अर्जदाराला शेवटच्या प्रवेशापासून एकूण १८० दिवसांपर्यंतची चूक कायदा माफ करतो, तेव्हा नोकऱ्यांच्या मधल्या खंडांच्या तारखा तोंडपाठ असाव्यात. त्यानंतर हो-नाही प्रश्नांची लांब यादी येते. कधी अटक झाली होती का, कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होता का, कोणाच्या छळात सहभागी होता का. यातला पक्षाचा प्रश्न औपचारिक वाटला तरी ज्यांनी कॉलेजात डाव्या संघटनेत काम केले आहे त्यांनी तो वकिलाशी आधीच बोलून ठेवावा, आणि वाहतूक पोलिसाच्या पावतीपलीकडचा कोणताही प्रसंग, तो कितीही जुना असो, लपवू नये. खोटे उत्तर मूळ प्रसंगापेक्षा अधिक नडते.

लग्नाच्या मुलाखतीत ‘तुमची भेट कशी झाली?’ या प्रश्नाला आपल्याकडचे खरे उत्तर कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाचे असते, आणि ते संकोचून लपवण्यासारखे नाही. दोन्हीकडच्या आईवडिलांनी माहिती पाहिली, आम्ही एका दुपारी भेटलो, पुढचे तीन महिने फोनवर बोललो, मग होकार कळवला, एवढे साध्या शब्दांत सांगितले की काम भागते. ठरवून केलेले लग्न हे खोटे लग्न नव्हे हे अधिकाऱ्यांना ठाऊक असते. दोघांच्या नावचा भाडेकरार, एकत्र बँक खाते, विमा, एकत्र भरलेला कर ही त्यांना हवी असलेली साक्ष. तपशील पाठ करून गेलेल्या जोडप्यापेक्षा ‘मला आठवत नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणणारे जोडपे बरे वाटते. सांगलीतल्या हॉलचे नाव नवऱ्याला आठवले नाही म्हणून कोणाचे लग्न संशयास्पद ठरत नाही.

बोलता बोलता अधिकारी अर्जात दुरुस्त्या करतो, आणि शेवटी त्या दुरुस्त्यांसह सारे खरे आहे म्हणून सही घेतो. सही करण्यापूर्वी त्या वाचाव्यात. वेळ मागितल्याचे कोणाला वाईट वाटत नाही.

निर्णय काही वेळा तिथेच कळतो, बहुधा मात्र ‘टपालाने कळवू’ असे उत्तर मिळते. एखादा कागद कमी असेल तर तो मागणारे पत्र येते आणि त्यात उत्तराची मुदत दिलेली असते. सारे ठीक असून त्या महिन्यात तारीख मागे सरकलेली असेल तर फाइल तपासून तयार ठेवली जाते आणि माणूस पुन्हा पहिल्या रांगेत येऊन उभा राहतो. मुलाखत चांगली झाली म्हणून घरी शिरा केलेल्यांना हे पचवणे अवघड जाते, पण हा नकार नव्हे, आणि तारीख खुली झाली की पुन्हा न बोलावताही कार्ड येऊ शकते. लग्नाच्या आधारावरच्या अर्जाला लग्नाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधी मंजुरी मिळाली तर कार्ड दोनच वर्षांचे असते आणि ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून अट काढून घ्यावी लागते.

कार्ड पाकिटातून बाहेर काढल्यावर देवापुढे ठेवण्याआधी त्यावरच्या नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख आणि ‘रेसिडेंट सिन्स’ पुढची तारीख नीट ताडून पाहावी. चूक असेल तर ती लगेच कळवावी, कारण नागरिकत्वासाठी लागणारी पाच वर्षे, किंवा नागरिकाशी विवाह झालेल्यांची तीन वर्षे, त्या तारखेपासून मोजली जातात, आणि तो अर्ज मुदत भरण्याच्या ९० दिवस आधी करता येतो.